डाळमिलच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स: एका हंगामानंतर

छोट्या कारखान्याने सर्व्हरसाठी मोफत सॉफ्टवेअर निवडताना आधी बॅकअप पाहावा, बाकी सगळं नंतर. जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलचे सर्व्हर सांभाळताना माझं हे मत पक्कं झालंय. टॅली, वजनकाटा आणि हजेरी, अशी आमची तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे वेगवेगळे संगणक. पूर्वी ती ईएसएक्सआय या अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर होती. त्यात बॅकअपची एपीआय, म्हणजे बॅकअप सॉफ्टवेअरला जोडून घ्यायची वाट, बंदच असायची. त्याची मालक कंपनी ब्रॉडकॉमने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती आवृत्तीच बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली खरी, पण धंद्याचा हिशेब अशा भरवशावर ठेवणं मला पटलं नाही, म्हणून त्याच कामाच्या प्रॉक्समॉक्स या मोफत सॉफ्टवेअरवर आलो.

प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीत ईएसएक्सआयवरून मशीन उचलून आणायची सोय आली. जुना सर्व्हर स्टोरेज म्हणून जोडायचा आणि मशीन निवडून इम्पोर्ट करायचं. विंडोज असेल तर व्हर्टआयओ ड्रायव्हर (नवी व्हर्च्युअल डिस्क आणि नेटवर्क कार्ड ओळखणारं सॉफ्टवेअर) आधीच टाकून ठेवा. नेटवर्क कार्ड बदलतं, त्यामुळे आयपी पुन्हा भरावा लागतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते याच आवृत्तीतलं फ्लीसिंग. बॅकअप चालू असताना मशीनने डिस्कवर नवीन काही लिहायला घेतलं, की त्या जागेवरचा जुना डेटा आधी बॅकअपच्या ठिकाणी पोचवावा लागतो. ते ठिकाण संथ असलं की मशीन खोळंबतं. आमचा बॅकअप सर्व्हर मुद्दाम दाणा बाजारातल्या पेढीवर ठेवलाय, मिलमध्ये आग लागली तरी हिशेब वाचावा म्हणून. मधे साधं इंटरनेट. तुरीच्या हंगामात रात्रपाळी चालते आणि नेमक्या बॅकअपच्या वेळी काट्यावरची पावती अडकायची, बाहेर ट्रकची रांग लागायची. फ्लीसिंगमध्ये तो जुना डेटा आधी सर्व्हरमधल्याच वेगवान डिस्कवर काढून ठेवला जातो आणि तिथून सवडीने पुढे जातो. ही सोय आपोआप चालू नसते. बॅकअप जॉबच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये जाऊन सुरू करावी लागते. जागा एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) द्या, एलव्हीएम-थिन किंवा झेडएफएस (डिस्कची जागा सांभाळायच्या पद्धती) असेल तर उत्तम. अमळनेरचे आमचे मुनीम रोज सकाळी फोन करायचे, "टॅली चालू शे ना, भाऊ?" आता त्या फोनची वेळच येत नाही.

एक गोष्ट उन्हाळ्यात कळली. पारा ४५ च्या आसपास, वीज जाणं रोजचं. मशीन पूर्ण बंद होऊन सुरू झालं, की कोणता भाग बदलला याची नोंद पुसली जाते आणि पुढच्या बॅकअपला अख्खी डिस्क वाचावी लागते. लाइनवरून मात्र नवे तुकडेच जातात. तरी वेळ लागतोच, म्हणून चांगला यूपीएस हवाच.

ऑगस्ट २०२५ च्या ९.० आवृत्तीत रेडझेडमध्ये, म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणाऱ्या झेडएफएसच्या डिस्क-संचात, एकेक डिस्क वाढवता येऊ लागली. पूर्ण संच नव्याने घेणं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

दोनच सर्व्हरचा क्लस्टर (एकत्र जोडलेला गट) करणार असाल तर तिसऱ्या मतासाठी एखादा छोटा संगणक क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारा सदस्य, म्हणून लावा; क्लस्टरचं काम बहुमतावर चालतं. नाहीतर एक सर्व्हर पडला की दुसऱ्यावर नवीन मशीन सुरू होत नाही. लॉगिन करताना सबस्क्रिप्शन नसल्याची खिडकी दर वेळी येते, सोयी मात्र सगळ्या मिळतात.

आठव्या मालिकेचे अपडेट ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहेत. नवव्यावर जाताना सोबत येणारी तपासणीची स्क्रिप्ट आधी चालवा आणि एक मशीन बॅकअपमधून खरंच उभं राहतं का, ते करून बघा.