ओपनमीडियाव्हॉल्ट, मर्जरएफएस, स्नॅपरेड: सोलापुरात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

निकाल आधीच सांगतो, कारण पुढे बरंच लांबणार आहे. डिस्क एकरकमी न येता दिवाळीचा बोनस बघून एकेक येत असतील, मे महिन्यात खोली भट्टी होत असेल आणि साठा मुख्यतः सिनेमे, नाटकं, जुन्या कॅसेटींवरून उतरवलेलं चित्रीकरण असा असेल, तर घरच्या सिनेमा-सर्व्हरसाठी हे त्रिकूट घ्या: सर्व्हर चालवायला ओपनमीडियाव्हॉल्ट, अनेक डिस्क एकत्र दाखवायला मर्जरएफएस आणि डिस्क गेली तर तिच्यावरचं परत मिळवायला स्नॅपरेड. विजापूर रोडवरच्या आमच्या घरात ते तगलंय.

मशीन म्हणजे नवी पेठेतून घेतलेला, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप. आय५-८५००, १६ जीबी रॅम. आठव्या पिढीचा प्रोसेसर मुद्दाम घेतला. त्यातलं क्विकसिंक, म्हणजे व्हिडिओचं रूपांतर करणारा भाग, १० बिटचा एचईव्हीसी हा व्हिडिओ फॉरमॅट सहज उलगडतं, त्यामुळे ४के सिनेमा आईच्या जुन्या टीव्हीसाठी लहान करून पाठवताना मशीनला धाप लागत नाही. एव्ही१ हा नवा फॉरमॅट मात्र त्याला झेपत नाही. ते हवं असेल तर अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं, नाहीतर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचं छोटं मशीन बघा. फक्त त्या डब्यांत साडेतीन इंची डिस्क बसवायला सहसा जागाच नसते. डिस्क झोपलेल्या असताना माझं मशीन २८ वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे महिन्याला साधारण २० युनिट.

ओएससाठी तीन नावं समोर होती. अनरेड चांगलं आहे, पण पैसे मोजावे लागतात. २०२४ मध्ये त्यांनी दर बदलले. आता स्वस्त लायसन्सवर पहिल्या वर्षानंतरच्या अपडेटसाठी पुन्हा पैसे. ट्रूनॅस फुकट आणि भक्कम, पण त्याचा सगळा डोलारा झेडएफएस या फाइल सिस्टिमवर; तिच्याबद्दल पुढे. ओपनमीडियाव्हॉल्ट हे डेबियन लिनक्सवरचं साधं वेब-पॅनेल. त्याची एक खोड आहे: एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) वगैरे फायली ते स्वतः लिहितं, हाताने बदल केला तर पुढच्या वेळी पुसून टाकतं. लिनक्सवर हात बसलेल्या माणसाला याचा राग येतो. मला अजूनही येतो. पण मी बाहेरगावी असताना धाकटा भाऊ पॅनेल उघडून डिस्क भरली का, तापली का हे बघू शकतो, आणि घरच्या सर्व्हरला तेवढं लागतंच.

आता खरा मुद्दा, स्टोरेजचा. झेडएफएसला नावं ठेवायची सोय नाही. डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (बिघाड पकडणारा आकडा), स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती), मध्येच वीज गेली तरी फाइल सिस्टिम शाबूत. ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, रेडझेडमध्ये, म्हणजे त्याच्या अनेक डिस्क एकत्र बांधून केलेल्या साठ्यात, एकेक डिस्क वाढवताही येते. तरी मी ते घेतलं नाही, कारण रेडझेडमध्ये एक सिनेमा लावला की सगळ्या डिस्क फिरतात. मर्जरएफएसमध्ये प्रत्येक डिस्क आपापली, ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमची; वरून फक्त सगळ्या एकत्र दिसतात. सिनेमा ज्या डिस्कवर आहे तेवढीच जागी होते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर टेकतो तेव्हा हा फरक हाताला जाणवतो. डिस्कला कंपन्या साधारण ६० अंशांपर्यंत चालेल म्हणतात, पण मला पन्नाशीही नको वाटते. मशीन माळ्यावरून काढून आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर ठेवलं, समोर १२० मिलिमीटरचा पंखा लावला. भर दुपारीही एकटी चालणारी डिस्क पंचेचाळीसच्या खाली राहिली. धूळ मात्र भरपूर बसते, जाळी वरचेवर पुसावी लागते.

स्नॅपरेड रात्री एकदा पॅरिटी काढतं: गेलेल्या डिस्कवरचं पुन्हा उभं करायला लागणारा हिशेब एका वेगळ्या डिस्कवर लिहून ठेवतं. म्हणजे संध्याकाळी टाकलेला सिनेमा पहाटेपर्यंत उघड्यावर असतो, हे मान्य करूनच यात पडायचं. रोज बदलणाऱ्या बारीक फायलींसाठी ते नाहीच. जेलिफिन, म्हणजे टीव्हीवर सिनेमे दाखवणारा प्रोग्राम, त्याचा डेटाबेस आणि पोस्टर मी एसएसडीवर ठेवलेत. स्क्रबची, म्हणजे साठवलेला डेटा बिघडला का ते तपासण्याची, आज्ञा नुसती दिली तर ते एका वेळी ८ टक्के भाग तपासतं, म्हणून आठवड्याला लावलंय. आणखी एक काम पहिल्याच दिवशी करा: ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, अडवून ठेवतं. ४ टीबीच्या डिस्कवर हे २०० जीबी होतात. डेटा डिस्कवर ती सोडवून घ्या.

पावसाळ्यात एक डेटा डिस्क गेली. आधी स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढू लागले, मग ती मध्येच गायब व्हायची. तिच्यावरचे सिनेमे यादीतून जाणार हे ओळखून आधी जेलिफिनचं ठरलेलं स्कॅन बंद केलं, नाहीतर ते लायब्ररीतूनच नावं काढून टाकतं. नवी डिस्क लावून स्नॅपरेडला दुरुस्तीला बसवलं. रात्री सुरू केलेलं काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. तोवर उरलेल्या डिस्कवरची नाटकं चालूच होती; आईला काही झालंय हे कळलंही नाही. नवी डिस्क घेताना दुकानदाराला सीएमआर (नेहमीची) की एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला संथ) हे विचारा, आणि त्याला माहीत नसेल तर मॉडेल नंबरवरून स्वतः बघा. नुसतं वाचायला एसएमआर चालते, पॅरिटीसाठी मात्र रडवते.

विजेचं म्हणाल तर घरच्या इन्व्हर्टरच्या पाठीमागे बऱ्याचदा यूपीएस मोडचं एक बटण असतं, कुणी त्याकडे बघत नाही. ते टाकल्यावर लाइट गेली-आली तरी मशीन रीस्टार्ट होणं थांबलं. दोन तासांच्या वर वीज गेली तर मात्र बंदच करतो, इन्व्हर्टरवर घरातले पंखे जास्त महत्त्वाचे.

त्याच कामाचा प्रसिद्ध प्रोग्राम प्लेक्स सोडून जेलिफिन का? प्लेक्समध्ये क्विकसिंकसाठी पैसे, आणि एप्रिल २०२५ पासून बाहेरून आपलाच साठा बघायलाही पैसे. जेलिफिन डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या अशाच प्रोग्राममधून फुटून निघालं, सगळंच मोकळं. मराठीसाठी दोन गोष्टी. देवनागरी सबटायटलच्या जागी चौकटी दिसल्या तर प्लेबॅक सेटिंगमध्ये फॉलबॅक (पर्यायी) फॉन्ट चालू करून नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट त्यासाठी दिलेल्या फोल्डरमध्ये टाका. आणि जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग सिनेमांच्या लायब्ररीत घालू नका, ते कुठलंतरी भलतंच पोस्टर चिकटवतं. होम व्हिडिओचा वेगळा कप्पा करा.

पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळेच म्हणतात आणि करत कुणी नाही. सिनेमे पुन्हा मिळतील. बाबांनी गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं केलेलं शूटिंग, ताईच्या लग्नाची कॅसेट, हे कुठून आणणार? त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर अक्कलकोटला ताईकडे असते. दर्शनाला गेलो की नवीन भर टाकून येतो.

सध्या पॅरिटी ४ टीबीची आहे, आणि पॅरिटी सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी लागतेच. म्हणून दिवाळीत ८ टीबी घेतली तर ती थेट सिनेमांना मिळणार नाही; आधी ती पॅरिटी होईल आणि आताची पॅरिटी डिस्क साठ्यात उतरेल. भाऊ म्हणतो, ८ टीबीचे पैसे देऊन ४ टीबीच जागा वाढली. हिशेब त्याचा बरोबर आहे, पण त्यानंतरची प्रत्येक ८ टीबी पूर्ण वापरता येईल.