कथेची काटछाट: कागदावर की स्क्रीनवर?

सहा हजार शब्दांची कथा साडेचार हजारांवर आणायची असेल, तर पहिला हात कागदावर फिरवावा. अक्षराचा आकार १४ पॉइंट, दुप्पट ओळअंतर, एकाच बाजूला छपाई, पृष्ठक्रमांक आणि उजवीकडे चार सेंटीमीटर समास. पानं जमिनीवर ओळीनं मांडली की कुठला प्रसंग फुगलाय ते लगेच दिसतं. स्क्रीनवर एका वेळी जेमतेम एक पान दिसतं, म्हणून तिथे माणूस विशेषणं उडवत बसतो आणि अख्खा अनावश्यक प्रसंग शाबूत राहतो.

कागदाची कटकट नंतरची: दुरुस्त्या फाइलमध्ये चढवताना हमखास एखादी सुटते. चढवलेल्या प्रत्येक खुणेवर वेगळ्या रंगाची तिरकी रेघ मारावी. प्रसंग कापला की त्याचे धागेही शोधावेत. तिसऱ्या पानावरचं पत्र गेलं, तरी अकराव्या पानावर नायिका ते फाडत असते!

हे धागे शोधायला मात्र स्क्रीनच बरी. ‘अचानक’, ‘जणू’, ‘एकदम’ किती वेळा आलेत तेही क्षणात कळतं. पण शोधावर आंधळा विश्वास नको. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सारखाच, तरी शोधात एक सुटू शकतो. सरसकट नाव बदललंत, तर ‘वसंत’चा ‘मोहन’ होताना ‘वसंत ऋतू’चाही ‘मोहन ऋतू’ होतो. कापण्याआधी फाइलची तारीखवार प्रत ठेवा आणि कापलेलं वेगळ्या फाइलमध्ये टाका. त्यातलं परत फारसं काही येत नाही, पण कात्री बिनधास्त चालते.