पियानोसाठी पर्सनल टीचर, ग्रुप क्लास की ॲप?

स्वतः शिकायचंय किंवा मुलाला घालायचंय आणि यातलं नेमकं काय निवडावं यात अडकला असाल, तर माझ्या मते एकच गोष्ट आधी बघा, वाजवताना चूक झाली की पुढे काय होतं. वेळ, अंतर, सोय हे सगळं नंतरचं.

ॲपपासून सुरू करते. नोटेशन वाचायला आणि ताल पक्का करायला ॲप खरंच छान आहे, रात्री अकरा वाजताही हजर असतं. पण त्याला फक्त सूर ऐकू येतो, हात दिसत नाही. उजव्या हाताने सी मेजर स्केल (सी-डी-ई-एफ-जी-ए-बी-सी अशी सुरांची चढण) वाजवायची तर पियानोत अंगठा म्हणजे 1 नंबर, सी-डी-ई ला 1-2-3 आणि मग अंगठा खालून घेऊन एफ वर. नवीन माणूस काय करतो, सरळ चौथं बोट एफ वर, पाचवं जी वर, आणि ए ला बोटच उरत नाही. ॲपच्या दृष्टीने मात्र ते पाचही सूर बरोबर. शेजारी बसलेला टीचर चौथ्या सुरालाच थांबवतो. खांदे वर चढलेत, मनगट ताठ झालंय, हेही त्यालाच दिसतं, आणि या सवयी एकदा बसल्या की सुटता सुटत नाहीत.

ग्रुप क्लास लहान मुलांना आवडतो यात वाद नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला टाळ्या, ताल, सोबत वाजवणं यातून जी गोडी लागते ती एकट्याने लागणं अवघड, शिवाय चार जणांसमोर वाजवायची भीती आपोआप जाते. अडचण वेगाची आहे. क्लास सरासरी मुलाच्या वेगाने चालतो, मागे पडलेलं मूल मान डोलावत राहतं आणि घरी आल्यावर कळतं की डाव्या हाताचं काहीच जमलेलं नाहीये.

आता पर्सनल लेसन. सपोर्टिव्ह टीचर म्हणजे सारखं वा वा करणारा टीचर नव्हे बरं का. मूल दोन्ही हात एकत्र घेताना दर वेळी त्याच बारला (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याला) अडखळतं, अशा वेळी चांगला टीचर परत पहिल्यापासून वाजव म्हणत नाही. तो फक्त तेवढाच बार काढतो, डावा हात स्वतः वाजवतो आणि मुलाला उजवा वाजवू देतो, मग अदलाबदल, मग दोन्ही हात निम्म्या स्पीडने, आणि पाच मिनिटांत मुलाचा चेहरा बदललेला असतो!! पण हेही सांगते, ओरडणारा पर्सनल टीचर हा ग्रुपपेक्षा वाईट, कारण त्या खोलीत मूल एकटं असतं.

ऑनलाइन पर्सनल लेसनमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो त्यामुळे असं एकत्र वाजवणं जमत नाही, बाकी बरंच जमतं, फक्त कॅमेरा बाजूने लावा म्हणजे मनगट दिसेल.

मोठ्यांसाठी मी सरळ पर्सनलच म्हणेन. मोठ्या माणसाला थिअरी पटकन कळते, कान तयार असतो, पण बोटं ऐकत नाहीत आणि त्याचाच जास्त त्रास होतो. चौथं बोट वेगळं उचलता येत नाही म्हणून कित्येक जण हिरमुसतात, अहो पण त्या बोटाचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात, सगळ्यांचंच तसं असतं. हे कोणीतरी शांतपणे सांगणारं हवं, आणि आवडीचं गाणं सोपं करून देणारं हवं. मुलांचं वेगळं, त्यांना अर्धा तास पुरतो, पाय लोंबकळत असतील तर खाली स्टूल द्यायचं, आणि छोट्या हाताला अख्खा ऑक्टेव्ह (एका सी पासून पुढच्या सी पर्यंतचं अंतर) ताणायला लावायचा नाही.

ग्रेड परीक्षांचं (एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा संस्थेच्या 1 ते 8, त्याआधी इनिशियल) मुलाला हवं असेल तर जरूर करा, पण वर्षभर परीक्षेचे तेच तीन-चार पीस घोटून घेणारा टीचर नको.

कीबोर्ड 61 कीजचा असला तरी सुरुवात होते, पण हळू-जोरात दाबल्याने आवाज बदलणारा हवा. पुढे 88 वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) कीज लागतातच, हलक्या कीजवर बोटांत ताकद येत नाही.

ठरवण्याआधी एक ट्रायल लेसन घ्या आणि शेवटी विचारा, या आठवड्यात घरी काय करायचं? कुठले बार, कुठला हात, किती हळू असं नेमकं उत्तर आलं तर बिनधास्त लावा. नुसतं "रोज प्रॅक्टिस करा" एवढंच आलं तर अजून एक-दोन टीचर बघा.