देरूताची ताटली घेताना: मागच्या नावावर जाऊ नका

इटलीतल्या उंब्रिया प्रांतात, पेरूजाच्या दक्षिणेला देरूता हे टेकडीवरचं गाव आहे. कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर रंगवलेली मातीची भांडी, म्हणजे माजोलिका, ही इथली जुनी ओळख. याच नावावर प्रवाशांना छापील माल हाताने रंगवलेला म्हणून गळ्यात मारला जातो. दारात कारागीर कुंचला घेऊन बसलेला दिसला, म्हणजे मागच्या फळीवरचं सगळं त्याच्याच हातचं, असं नसतं. ताटलीच्या पाठीवर ‘देरूता’ लिहिलेलं असणं हाही पुरावा नव्हे.

अस्सल कामात ताटली एकदा भाजतात, पातळ झिलईत बुडवून वाळवतात. मग भोकं पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड आपटून, रांगोळीचा छापा उमटवावा तशी, नक्षीची खूण घेतात आणि रंगवून पुन्हा भट्टीत घालतात. कोरडी झिलई रंग लगेच शोषते, चूक पुसता येत नाही. म्हणून रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते आणि निळ्यावर निळा फटकारा पडला की तिथे रंग गडद होतो.

हेच शोधायचं. दहापट भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर चित्र छापील. ताटली उजेडात तिरकी धरा, चिकटवलेल्या छापाची कड कधीकधी चमकते. एकाच नक्षीच्या दोन ताटल्या शेजारी ठेवा: पानन् पान तंतोतंत जुळलं तर घेऊ नका. छापील बाह्यरेषेत हाताने रंग भरलेला मालही असतो, आणि तिथेच जास्त लोक फसतात, कारण कुंचल्याचे फटकारे खरेच असतात. तेव्हा रंग सोडा, रेघ तपासा.

खरेदीआधी गावातल्याच सान फ्रांचेस्कोच्या जुन्या मठातलं सिरॅमिक संग्रहालय पाहून घ्या. डोळा तिथे तयार होतो.

पार्सलने मागवणार असाल तर बिलावर नग, व्यास सेंटिमीटरमध्ये, नक्षीचं नाव (उदाहरणार्थ राफाएलेस्को), ‘दिपिंतो आ मानो’ म्हणजे हाताने रंगवलेलं हे शब्द आणि विमा लिहून घ्या. त्याच नगाचे पुढून-मागून फोटो काढा. बांधणीत नग बदलला जाऊ शकतो. ‘22 टक्के कर परत मिळेल’ या बोलण्यावर भाव ठरवू नका. ती सवलत सामान स्वतःसोबत युरोपीय संघाबाहेर नेणाऱ्या प्रवाशाला आहे, दुकानाने धाडलेल्या पार्सलला नाही, आणि हातात पूर्ण 22 टक्के पडतही नाहीत. कार्डाच्या मशीनवर रुपये की युरो असं विचारलं, तर युरोच निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर मशीनवाला लावतो, आणि तो सहसा महाग पडतो.