बेलफास्ट की केपटाऊन?

आमच्या सोलापुरातली एक पोरगी बाहेर मास्टर्स करायला निघालीये, विषय धर्म आणि भांडण मिटवणं, ह्या दोनपैकी कुठं जावं ते तिच्यासाठी लिहितोय.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणात धर्म पडद्यामागं राबलाय. क्लोनार्ड मठातले फादर ॲलेक रीड गुपचूप निरोप पोचवत राहिले, १९८८ ला सशस्त्र आयआरएच्या बाजूचे नेते जेरी ॲडम्स आणि हिंसा नको म्हणणारे नेते जॉन ह्यूम यांची बोलणी सुरू झाली, त्याच वाटेनं पुढं १९९८ चा शांतता करार, गुड फ्रायडे करार. पण कॅथलिक-प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्याच आहेत, काही गेट तर रात्री बंद करतात, म्हणजे सह्या झाल्या तरी शेजारी शेजाऱ्याकडं जातोच असं नाही, हे तिथं रोज डोळ्यानं दिसतं.

केपटाऊनचं वेगळं, दक्षिण आफ्रिकेत सगळं उघड्यावर झालं. १९९६ ला वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांवर सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या देशभर सुरू झाल्या, अध्यक्ष आर्चबिशप टूटू, सुरुवात प्रार्थनेनं, आणि व्हीलचेअरवरच्या एका माणसाची साक्ष ऐकताना टूटू टेबलावर डोकं टेकून रडले. राजकीय गुन्हा पूर्ण कबूल केला की माफी मिळू शकायची, ते पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या वर्णभेदविरोधी नेत्याच्या, स्टीव्ह बिकोच्या घरच्यांना पटलं नाही, ते कोर्टात गेले.

मला विचारशील तर बेलफास्ट. आपल्याकडं सण जवळ आले की शांतता कमिटीची मीटिंग होते, पण वर्षभर दोन मोहल्ल्यांतली जा-ये टिकवायची कशी ते तिथं शिकता येईल. प्रबंध माफी की न्याय ह्यावरच करायचा असेल तर मात्र बिनधास्त केपटाऊन.