कोसला, ययाति की हरिभाऊ? कंटाळवाणी म्हणून सोडलेली एक कादंबरी घ्यायचीच असेल तर

‘आता एक तरी मोठी कादंबरी पूर्ण करायचीच’ असं ठरवलेल्या माणसाला नाशकात तीन नावं हमखास सुचवली जातात: नेमाड्यांची ‘कोसला’, खांडेकरांची ‘ययाति’ आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. गंमत म्हणजे ‘अर्ध्यात सोडली बुवा’ हेही याच तिघींबद्दल सर्वांत जास्त ऐकू येतं. टिळक पथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, म्हणजे मराठीतल्या पहिल्या कादंबरीहून (‘यमुनापर्यटन’, १८५७) सतरा वर्षांनी मोठं. त्यामुळे कादंबरी अर्ध्यात सोडण्याची परंपराही या गावात जुनीच असणार.

मी तिन्ही पूर्ण वाचल्या आहेत, आणि तिन्हींत कंटाळवाणे भाग आहेत हे आधीच कबूल करून टाकतो. मात्र तिघींचा कंटाळा एका जातीचा नाही. कुठली न्यायची हे तुम्हाला कुठला कंटाळा सोसवतो यावर ठरवा.

‘कोसला’पासून सुरुवात करू, कारण भांडणं तिच्यावरूनच होतात. आमच्या ओळखीतल्या गंगापूर रोडच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणतात, “अहो, काही घडतच नाही. पोरगा पुण्याला जातो, बापाचे पैसे उडवतो, नापास होतो, परत येतो. यात कादंबरी कुठंय?” माझा भाचा आडगावला इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं नेमकं उलटं: “मामा, हे आमच्या होस्टेलचंच लिहिलंय.” दोघंही खरं बोलतात. १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, आणि पहिल्याच ओळीत नायक सांगतो, “मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.” हे ‘उदाहरणार्थ’ आणि पुढचं शेकडो वेळा येणारं ‘वगैरे’ ज्याला पहिल्या दहा पानांत खटकलं, त्याला ते शेवटपर्यंत खटकणार. मेसचे हिशेब, गॅदरिंग, वादविवाद मंडळ, चहाच्या उधाऱ्या, वडिलांची बोलणी असं पानामागून पान जातं. नायकाला कशातच रस नाही आणि लेखक तो रस उसना आणून देत नाही.

मग धाकट्या बहिणीचा देवीच्या रोगाने मृत्यू होतो. तो भाग ज्याने वाचला नाही त्याने ‘कोसला’ वाचली असं मी तरी धरत नाही. आधीची दोनेकशे पानं ज्या थंड, टवाळ सुरात चालली होती, तोच सूर इथेही लावून धरला आहे आणि दुःख मावत नाही म्हणून तो जागोजाग फुटतो. आधीचा कंटाळा सोसला नसेल तर हे फुटणं कळत नाही. म्हणून ‘चांगला भाग कुठून सुरू होतो, तिथूनच वाचतो’ ही युक्ती या पुस्तकाला लागू पडत नाही. पुस्तक अर्पण केलंय ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’, आणि त्यातले बरेचसे साठाव्या पानाच्या आसपास गळतात, हा लेखकालाही आवडला असता असा विनोद.

नाशिककराला इथे एक फायदा आहे. सातपूर-सिडकोत बरीच वस्ती जळगाव-धुळ्याकडून आलेली. सांगवीकरचं घर, तिथली बोलणी, बापाचा धाक हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. पुणेरी वाचक जिथे तळटीप शोधतो, तिथे आमचे खानदेशी शेजारी हसतात.

‘ययाति’चं प्रकरण उलट आहे. ती कुणीच अवघड म्हणत नाही. गोष्ट महाभारतातली, सगळ्यांना ठाऊक असलेली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून ती आळीपाळीने सांगतात, आणि पानं भराभर उलटतात. १९५९ ची कादंबरी, १९६० चं साहित्य अकादमी, १९७४ चं ज्ञानपीठ, तेही मराठीला मिळालेलं पहिलं. घरोघरी लग्नात, वाढदिवसाला ती दिली गेली आहे. माझ्या पिढीच्या किती जणांनी तिच्यातली वाक्यं वहीत उतरवून घेतली होती!

आणि तीच तिची अडचण आहे. राजा बोलतो तेव्हा सुभाषित, दासी बोलते तेव्हाही सुभाषित. उपमा संपली की दुसरी उपमा उभी. कच तर जवळजवळ लेखकाच्या वतीनेच बोलायला येतो; महाभारतात विद्या घेऊन निघून गेलेला हा माणूस खांडेकरांनी शेवटपर्यंत ठेवून घेतला आहे. विशीत वाचली तर भारून जाल. चाळिशीत पहिल्यांदा हातात घेतलीत तर दर चार पानांनी कुणीतरी उपदेश करतंय असं वाटेल. माझ्या बायकोचा आक्षेप आणखी सरळ आहे: देवयानीला एवढं कजाग का केलं? तिच्यावर झालेला अन्याय काय थोडा आहे? मला विचाराल तर तिघींत वाचायला सर्वांत सोपी आणि तरीही सर्वांत कंटाळवाणी हीच. हे मत इथल्या साहित्यप्रेमी मंडळींसमोर मांडलं की चहा थंड होतो, पण आहे ते आहे. (जाता जाता: तात्यासाहेब शिरवाडकरांनीही कादंबऱ्या लिहिल्या, ‘वैष्णव’, ‘जान्हवी’. त्यांच्या नावाने हळवे होणाऱ्या किती नाशिककरांनी त्या उघडल्या आहेत, हे विचारून बघा.)

राहिले हरिभाऊ. ‘पण लक्षात कोण घेतो’ सर्वांत जाड, सर्वांत जुनी, आणि सुरुवातीला खरोखर रेंगाळणारी. कारण साधं आहे: ती ‘करमणूक’ या साप्ताहिकात १८९० पासून हप्त्या-हप्त्याने येत होती. आठवडाभर थांबलेल्या वाचकाला मागचं आठवून द्यावं लागे, म्हणून गोष्ट सांगणारी नायिका यमू तेच दोनदा सांगते, मध्येच ‘आता पुढचं काय सांगू’ म्हणून थबकते. सलग चार तास वाचायला बसलात तर जीव मेटाकुटीला येईल. ती रोज एक-दोन प्रकरणं अशीच वाचायची.

मात्र लय एकदा लागली की या पुस्तकात जे आहे ते बाकीच्या दोघींत नाही. पुण्यातलं ब्राह्मणी घर आतून, बायकांच्या बाजूने, एका मुलीच्या तोंडून कळतं. नवरा रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतो. मुंबईच्या बिऱ्हाडात नवरा-बायको एकत्र बसून बोलतात, वर्तमानपत्र वाचतात, आणि एवढ्याशा गोष्टीने पुण्यात गहजब होतो. मग वैधव्य, आणि सोवळ्याच्या आडून छळणारे शंकरमामंजी. हे छापून येत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटला होता. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा करायलाही विरोध होता. त्या गदारोळात पंचविशी जेमतेम ओलांडलेला एक पुरुष यमूच्या तोंडून हे सगळं बोलत होता. नाशिकरोडचे एक पासधारक काका ती पंचवटी एक्स्प्रेसमध्ये जाता-येता वाचून संपवल्याचं सांगतात. त्यांची तक्रार कंटाळ्याची नव्हतीच. केशवपनाचा भाग आला तेव्हा शेजारचे ‘काय झालं’ विचारू लागले, ही होती.

खर्चाचंही बघा. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यामुळे स्वामित्वहक्क कधीच संपला आहे. पुस्तक फोनवर फुकट आणि राजरोस मिळतं. बाकीच्या दोन वाचनालयातून आणा किंवा विकत घ्या, पण ‘कोसला’ आधी दहा पानं चाळूनच विकत घ्या.

तेव्हा घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर त्याच्या हाती ‘कोसला’ द्या आणि मागे लागू नका. वाचनाची सवयच सुटलेली असेल, नुसतं पुन्हा पानं उलटायला शिकायचं असेल, तर ‘ययाति’ चालेल. वहीत वाक्यं उतरवायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. रोज अर्धा तास आणि दोन-तीन महिने देऊ शकत असाल तर माझं मत हरिभाऊंना.

तिघींपैकी एकही झेपणार नाही असं आत्ताच वाटत असेल तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्या. १९३९ ची, बारीकशी, युरोपातून निघालेल्या जहाजावरची, हिटलरच्या जर्मनीतून पळालेल्या ज्यू निर्वासितांसोबतची. तिच्याबद्दल ‘कंटाळा आला’ असं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही, ‘एवढ्यात संपली?’ असं मात्र बरेच जण म्हणतात.