प्रेझेंटेशनचा क्लिकर: आठ महिने वापरल्यावर

मी काही रिव्ह्यू लिहिणारा माणूस नाही. पण परवा उदगीरला एका दालमिलच्या ऑफिसात या क्लिकरने, म्हणजे स्लाइड पुढे-मागे करायच्या हातातल्या रिमोटने, भर बैठकीत माझा घात केला, तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

छतावरच्या सोलरची कामं घेतो मी. लातूर, औसा, उदगीर हा पट्टा, गिऱ्हाईक बहुतेक दालमिलवाले. माझ्याकडे सहावी स्लाइड त्यांच्या छताच्या फोटोची, सातवी त्यांच्याच वीजबिलाची आणि आठवी किमतीची. मी बटण एकदाच दाबलं. सातवी नुसती चमकून गेली आणि आठवी येऊन उभी राहिली. शेठ खुर्चीत पुढे सरकले. मी म्हटलं, "शेठ, थांबा, आधी बिल बघू." तर म्हणाले, "बिल म्या दर महिन्याला बघतो. ह्यात कमी किती करलालाव ते सांगा." मग मागे जाऊन बिल दाखवलं, पण किंमत एकदा डोळ्यांत भरली की माणूस ऐकत नाही, मनातल्या मनात भागाकार करत बसतो.

क्लिकर काही वेगळा नाही. २.४ गिगाहर्ट्झ, लॅपटॉपला लावायचा यूएसबीचा रिसीव्हर, दोन एएए सेल, लाल लेझर. सगळ्यांकडे असतो तोच. दिवाळीच्या सेलमध्ये ११५० ला घेतला. घरी ६०० सांगितले.

पहिले पंधरा दिवस मी लेझरवर खूश होतो, मग चिडलो. मिलवाल्यांच्या केबिनमध्ये आता प्रोजेक्टर नसतो, भिंतीवर टीव्ही असतो. भिंतीवर किंवा पडद्यावर ठिपका पसरून छान दिसतो, टीव्हीचा पॅनल मात्र तो गिळून टाकतो. मी आपला हात ताणून "इथं बघा, इथं" म्हणतोय आणि समोरचे तिघं टीव्हीवर ठिपका शोधतायत. शिवाय माझा हात थोडा थरथरतो. पडद्यावर ठिपका नाचला की माझी धाकधूक सगळ्या खोलीला कळते. लेझर बंद केला तो कायमचा.

आता मुद्द्याचं बटण. लेझरच्या खाली एक छोटं बटण आहे, पडदा काळा करायचं. ते कशाला असतं हे मला महिनाभर माहीतच नव्हतं. लातूरला व्यापाऱ्यांची एक बैठक होती, चाळीसेक माणसं. मागून एकाने प्रश्न विचारला, गडबडीत माझा अंगठा त्यावर पडला आणि पडदा गप्पकन काळा. मला वाटलं, गेला प्रोजेक्टरचा दिवा. तेवढ्यात लक्षात आलं की चाळीसच्या चाळीस जण माझ्याकडे बघतायत. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. एरवी ते स्लाइडकडे बघायचे, मीपण स्लाइडकडेच बघायचो, आणि दोघं मिळून ती वाचायचो.

त्या दिवसापासून ३१ स्लाइडच्या ९ केल्या. बिलाची स्लाइड आली की ती तेवढी दाखवायची, पडदा काळा करायचा आणि शेठकडून खरं कागदी बिल मागून घ्यायचं. त्यावर पेन टेकवून सांगायचं: हा स्थिर आकार, हा सोलर लावला तरी राहणार, हा वीज आकार, हा वहन आकार, हे युनिटवर लागतात, इथं फरक पडणार. आधी 'स्थिर आकार कमी होत नाही' हे मी स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात लिहायचो, कुणी विचारू नये म्हणून. आता तेच सगळ्यात आधी सांगतो. आपल्याकडे १ किलोवॉटला सरासरी दिवसाला चारेक युनिट धरायचे, म्हणजे ५० किलोवॉटला २००. हा गुणाकार शेठच्याच वहीच्या पानावर करतो. ते पान त्यांच्याकडेच राहतं, पाहिजे तेव्हा उघडून बघतात. माझ्या रंगीत ब्रोशरची चुनीची, म्हणजे डाळीच्या चुऱ्याची, पुडी झालेली मी स्वतः पाहिलीय.

इथपर्यंत मी याला पाचपैकी साडेचार देत होतो. मग मार्चमध्ये नांदेडहून भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे. मी मोठ्या कौतुकाने बटण दाखवलं तर म्हणाला, "मामा, पॉवरपॉइंट चालू असताना कीबोर्डवरचं 'B' अक्षर दाबलं तरी हेच होतंय की. आणि सात दाबून एंटर मारलं की थेट सातवी स्लाइड येती." करून दाखवलं. फुकट! ११५० रुपये मी कशाचे दिले? रात्री जेवण गोड लागलं नाही.

आठवडाभर हट्टाने क्लिकर बॅगेत ठेवून नुसत्या कीबोर्डवर चालवलं. पण एचडीएमआयची वायर दीड मीटरची, लॅपटॉप टीव्हीखाली कोपऱ्यात. 'B' दाबायचं तर शेठकडे पाठ करून वाकायचं, आणि वाकून वर येईपर्यंत शेठ फोनवर. आठव्या दिवशी क्लिकर परत हातात. एक त्रास सांगून ठेवतो: फाईल पीडीएफ असेल तर माझ्या लॅपटॉपवर हे काळं बटण चालत नाही. अहमदपूरला ते कळलं, तेही सगळ्यांसमोर.

बटण दोनदा लागायचा रोग सातव्या महिन्यात सुरू झाला. सेल बदलले, लॅपटॉप बदलला, पॉवरपॉइंटला शिव्या दिल्या. दोष आतल्या स्विचचा होता, एकदा दाबलेलं तो दोनदा मोजत होता. दालमिलमधली धूळ तुम्ही पाहिली असेल तर नवल वाटणार नाही.

वॉरंटी एक वर्षाची. फोन केला तर सेंटर पुण्याला. मूळ खोका पाहिजे, बिल पाहिजे, बिघाडाचा व्हिडिओ पाहिजे. व्हिडिओ पाठवला, तर उत्तर आलं, "सर, तुम्हीच दोनदा दाबताय असं दिसतंय." परत पाठवला. मग सेलच्या खणातला नंबर मागितला. तो घासून पुसला गेलेला. चौथ्या फोनला कळलं की रिसीव्हरही पाठवायचा आणि २१ दिवस थांबायचं. माझ्या आठवड्याला तीन बैठका असतात हो.

शेवटी लातूरच्या गंजगोलाईत मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराकडे गेलो. "काका, खोललं की वॉरंटी जाईल." म्हटलं, ती आहे कुठं? वीस मिनिटांत स्विच बदलला, ८० रुपये. झाकण लावताना त्याने विचारलं, "पुढे न्यायच्या बटणावर छाप अजून हाय, ह्या खालच्याचा पार उडालाय. हे कशाचं?" सांगितलं तर हसला. तोही स्विच बदलून घेतला, आणखी ४०.

नवीन घेणार असाल तर दोनच गोष्टी बघा. काळं बटण अंगठ्याला न बघता सापडतं का, आणि रिसीव्हर ठेवायला क्लिकरच्या पोटात जागा आहे का. माझा रिसीव्हर दोनदा मिलवाल्याच्या टेबलावर राहिला होता, आणि तो हरवला तर हातात नुसतं प्लास्टिक. लेझर लाल की हिरवा यावर पैसे घालवू नका.

मंगळवारी परत उदगीरला बोलावलंय. आठवी स्लाइड काढून टाकलीय. कोटेशनचा कागद बॅगेत आहे, शेठनी विचारल्याशिवाय काढणार नाही.